सुनेची सुई

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी चंद्रभागाबाई वेडी व्हायची. सकाळी शेळीची धार काढून, नात राजनंदिनीला शाळेत पिटाळून ती चांगल्या शहाण्या बाईसारखी तलवाड्याच्या रस्त्याला फाट्यावर जीपची वाट बघत उभी राहायची. बाजारच्या गावात उतरून सरकारी दवाखान्याचं फाटक दिसलं, की मग पदर जरा वाकडा करायची, केसांची एक बट कपाळावर ओढायची आणि नजर कुठंतरी लांब लावून रांगेत बसायची. डोक्याचा डॉक्टर जिल्ह्याहून महिन्यातला तेवढा एकच दिवस यायचा. सोंग वठवायला तो एक दिवस तिला पुरत होता.

रोग तिला नव्हताच. रोग होता तिच्या सुनेला, स्वप्नालीला. आणि सून दिवाळीपासून तिकडं सांगलीच्या बाजूला, नवऱ्याबरोबर ऊस तोडत होती.

राजनंदिनी अंगावर पीत होती तेव्हा हे सगळं सुरू झालं. स्वप्नालीला चुलीतून कोणी बाप्या बोलतोय असं वाटायला लागलं. भाकरीत विष कालवलंय आणि ते तुझी सासूच कालवते, असं तो तिला सांगायचा. पोरगी जेवायची बंद झाली. रात्र रात्र दाराला पाठ लावून बसायची. घरच्यांनी करायचं ते सगळं केलं. अंगारे झाले, धुपारे झाले, कपिलधारच्या धबधब्याखाली नेऊन उभी केली. एका देवऋष्यानं लिंबं कापली आणि कोंबडा नेला. बीडच्या खासगी डॉक्टरानं रोग बरोबर ओळखला, पण त्याच्या औषधापायी दावणीच्या शेळ्या एकेक करून गेल्या, आणि शेवटची तेवढी उरली तेव्हा औषधच बंद पडलं. मग कोणीतरी सांगितलं, सरकारी दवाखान्यात हीच गोळी फुकट मिळते. चंद्रभागाबाईचा विश्वास बसेना. फुकटच्या औषधानं कुठं गुण येतो होय? पण आला. तीनेक महिन्यांत स्वप्नाली सासूच्या हातची भाकरी मागून खायला लागली. एक दिवस उंबऱ्यावर बसून लेकीच्या डोक्याला तेल लावता लावता ती हसली, तेव्हा चंद्रभागाबाई गोठ्यात जाऊन घळाघळा रडली होती.

गावात कोणाला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. टोळीचा मुकादम आप्पाराव याला तर मुळीच नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत भरते. बायको डोक्यानं अधू आहे असं कळलं असतं तर आप्पारावानं तो कोयता घेतलाच नसता, आणि त्यानं आगाऊ दिलेली उचल आधीच घराच्या पत्र्यात गेली होती. म्हणून स्वप्नाली महिन्याच्या गोळ्या चोळीच्या पिशवीत लपवून फडावर गेली. पुढच्या गोळ्या म्हातारीनं पाठवायच्या, असं ठरलं.

पहिल्या खेपेला म्हातारी सुनेचा कागद घेऊन खिडकीशी गेली, तर आतल्या माणसानं मान वर न करताच विचारलं, "पेशंट कुठंय?"

"ऊस तोडाया गेली, साहेब."

"मग आली की आणा तिला."

येणार कधी, तर उन्हाळ्यात. तोवर त्या चुलीतल्या बाप्यानं काय काय सांगितलं असतं, देव जाणे. चंद्रभागाबाईला नियम कळला नाही, पण मेख कळली. सरकारला समोर माणूस पाहिजे. नसला तर आपण देऊ की, त्यात काय! ती बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसली, तंबाखूची चिमूट लावली आणि पुन्हा रांगेत उभी राहिली, आपल्याच नावानं. आतल्या घाईगर्दीतल्या डॉक्टराला तिनं सुनेचा सगळा आजार जसाच्या तसा सांगितला. चुलीतून बाप्या बोलतो, झोप नाही, जेवण नको. फक्त विष कालवणारी तेवढी सासूच्या जागी सून केली. ते सांगताना तिची तिलाच शरम वाटली. डॉक्टरानं तीच गोळी लिहिली. तिनं पाकिटाचा रंग ताडून बघितला.

गोळ्या भाकरी-चटणीच्या गाठोड्यात बांधून ती सटवाच्या हवाली करायची. सटवा गावातलाच, त्याचा पिकअप मोसंबी घेऊन सांगलीकडं जायचा आणि गूळ घेऊन परत यायचा. घडी चांगली बसली होती. गावात मात्र हळूहळू बोभाटा झाला. शेजारच्या विमलबाईनं तिला त्या रांगेत बघितलं आणि चार घरं फिरून आली. चंद्रभागा भ्रमिष्ट झाली म्हणे. तेव्हापासून विमलबाई तिच्याकडं विरजण मागायलासुद्धा दारातूनच हात लांब करायची. चंद्रभागाबाईला याचं वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं. सुनेवर येणारं बोट आपल्यावर आलंय, तर येऊ दे. आपलं आता लग्न थोडंच जमवायचंय!

संक्रांत होऊन गेल्यावरच्या खेपेला खुर्चीत नवीन डॉक्टर होत्या. ऋतुजा मॅडम. वयानं लहानच, आवाज मऊ. आधीचा डॉक्टर कागदाकडं बघून बोलायचा, ही पोरगी डोळ्यांत बघून बोलत होती. चंद्रभागाबाईनं नजर लांब लावली खरी, पण ती काही केल्या तिथं टिकेना.

"आजी, आवाज येतात अजून?"

"येतात की. चुलीतून."

"गोळ्या घेता का नियमानं?"

"घेते."

"मग आवाज कमी व्हायला हवे होते." मॅडमनी जरा विचार केला. "आणि आजी, एक अडचण आहे. तुमच्या गोळ्या संपल्यात. मागणी वर पाठवलीय, पण निधी आल्याशिवाय खरेदी होत नाही. कधी येईल, मला खरंच सांगता येत नाही."

निधी हा शब्द चंद्रभागाबाईनं ऐकलेला होता. तो कालव्याच्या पाण्यासारखा असतो. सुटलं सुटलं म्हणून वर बोंब होते आणि शेपटाच्या शेताला ओलसुद्धा पोचत नाही.

"पण तुमचं औषध चुकवायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "एक इंजेक्शन आहे. एकदा घेतलं की महिनाभर गोळीची गरज नाही. दोनच उरलीत, त्यातलं एक तुम्हाला देते."

आता खरं बोलावं, असं चंद्रभागाबाईच्या अगदी ओठावर आलं होतं. पण बोललं तर काय होईल? सोंग उघडं पडेल, आपला कागद फाटेल आणि त्याबरोबर सुनेचाही. शिवाय एवढ्या मायेनं बोलणाऱ्या माणसाला, बाई गं, मी तुला फसवत होते, हे सांगायला जीभ रेटेना. तिनं मनाशी हिशेब केला तो असा: सुई घेऊन टाकू, सुईनं काय मरतंय माणूस! मॅडम खूश होतील, मग हात जोडून चार गोळ्या मागून घेऊ. सरकारी दवाखान्यात सुई घेतली की गोळ्या मिळतात, हे तिनं जन्मभर बघितलं होतं. तापाला तसंच, खोकल्याला तसंच. तिनं दंड पुढं केला.

सुई टोचून झाली. तिनं हात जोडले. "आता गोळ्या बी द्या, माय."

"नाही आजी. दोन्ही एकदम घेतलं तर जिवावर बेतेल. या बारक्या गोळ्या देते, त्या फक्त हातपाय आखडले तर घ्यायच्या."

"बाहेरून इकत घेते. चिठ्ठी तरी द्या."

"इंजेक्शनवर चिठ्ठी कशाला? आता महिन्यानं या."

ती बाहेर आली आणि कडुनिंबाखाली बसली. सुनेचं औषध आपल्या अंगात गेलं. ते आता मागे काढता येत नव्हतं, वाटून देता येत नव्हतं. फाट्यावर सटवा गाठोडं न्यायला थांबला होता. त्यानं विचारलं, "आज्जे, न्यायचं काय?" तर तिनं नाही म्हणून मान हलवली.

दोन-तीन दिवसांत तिचं अंग धरायला लागलं. जबडा जड झाला. शेळीची धार काढताना बोटं मिटायची ती उघडायला वेळ लागायचा. रात्री पाय थाऱ्यावर राहीनात, उठून अंगणात फेऱ्या घालाव्यात तरी चैन पडेना. बारक्या गोळ्या तिनं कनवटीला बांधून ठेवल्या होत्या, खाल्ल्या नाहीत. औषधावर औषध खायचं तिला भ्यावच वाटत होतं.

आणि मग गहिनीनाथाचा, तिच्या लेकाचा, फोन आला.

"आई, गोळ्या कवा येत्यात?"

"न्हाई रं मिळाल्या. सरकारकडंच न्हाईत."

"आई, लई वाईट हाय इकडं. चार दिस झाले जेवली न्हाई. पाचटात बसती अन् बडबडती. काल मोळी टाकून पळत विहिरीकडं गेलती. मी आडवा झालो म्हनून..."

"तिकडच्या दवाखान्यात ने की."

"गेलतो. म्हनले, डॉक्टर असतील त्या वारी तिला घिऊन या. आता ती गाडीत बसंना. म्हनती, आत्यानं विष पाठवायचं बंद केलं तर तुमी सुईतून घालताय. आन् मुकादम काम सोडून जाऊ दीना."

चंद्रभागाबाईनं फोन खाली ठेवला आणि विमलबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, "विमल, मी येडी न्हाई. आन् असले तरी माझी नात गुणाची हाय. चार दिस तिला सांभाळ." विमलबाईनं पोरीला आत ओढून घेतलं.

मंगळवार नव्हता, तरी ती दवाखान्यात गेली. डॉक्टर नसले तरी दिपाली नावाची एक बाई तिथं रोज बसायची, पेशंटांशी बोलायची. तिच्यापुढं चंद्रभागाबाई या वेळी पदर नीट घेऊन बसली आणि सगळं सांगून टाकलं. सोंग, सून, चुलीतला बाप्या, सुई. सांगताना जीभ अडखळत होती, ती शरमेनं की औषधानं हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

"पण आजी, तुम्ही इंजेक्शन कावून घेतलंत?" दिपाली बीडचीच होती, घाबरली की तिची बोली बाहेर यायची.

"म्हनलं, सुईवर गोळ्या देतील."

दिपालीनं मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगून तो म्हातारीच्या कानाला धरला. चंद्रभागाबाईनं डोळे मिटून घेतले. आता शिव्या पडणार. पलीकडून मऊ आवाज आला, "आजी, हातपाय आखडलेत का तुमचे?"

त्या एका प्रश्नानं म्हातारीचा बांध फुटला. एवढं खोटं बोलूनही या पोरीनं आधी आपल्या हातापायांची चौकशी केली, हे तिला सहन होईना.

मॅडम रागावल्याही, मग. जिवावर बेतलं असतं म्हणाल्या. बारक्या गोळ्या आजच सुरू करा, उन्हाचं काम करू नका म्हणाल्या. आणि असंही म्हणाल्या, की पेशंट लांब असेल तर घरच्या माणसाकडं गोळ्या देता येतात. ते खिडकीवरच सांगायला पाहिजे होतं, आणि मीही तुम्हाला घरी कोण-कोण आहे हे विचारलं नाही. चंद्रभागाबाई ऐकत राहिली. म्हणजे सोंगाची गरजच नव्हती. पण आता तेही बोलून उपयोग नव्हता, कारण गोळ्या कोणालाच नव्हत्या. एक इंजेक्शन तेवढं उरलं होतं.

"ते दिपाली बाजूला ठेवेल," मॅडम म्हणाल्या. "पण तुमच्या सुनेला मी तपासल्याशिवाय देणार नाही. शुक्रवारी मी मुद्दाम येते. तिला आणा."

दवाखान्याच्या पायरीवर बसून चंद्रभागाबाईनं आप्पाराव मुकादमाला फोन लावला. हातचं काही राखलं नाही. सुनेला रोग आहे, औषध पाहिजे, सोडा तिला.

"आधी सांगितलं का?" आप्पाराव चिडला. "अर्ध्या कोयत्यानं माझी गाडी कशी भरंल, म्हातारे? बदली मानूस दे आन् खुशाल ने."

"देते."

"कोन हाय?"

"मी."

तो हसला. ती हसली नाही, तेव्हा म्हणाला, "ये मग."

गुरुवारी सकाळी सटवाच्या पिकअपमधून ती फडावर उतरली. उसाच्या कापलेल्या खोडांवरून तिचं पाऊल नीट पडेना. गहिनीनाथ धावत आला, आईकडं बघून त्याचा चेहरा पडला, पण तिनं त्याला बोलू दिलं नाही. बांधाच्या कडेला स्वप्नाली बसली होती. भोवती पाचटाचा ढीग रचून घेतला होता, केसांत कुसळं अडकली होती आणि गालाची हाडं वर आली होती. सासू दिसताच ती मागं सरकली.

"विष घिऊन आल्या," ती हळूच कोणाला तरी म्हणाली.

चंद्रभागाबाई थांबली नाही. हळूहळू चालत गेली. स्वप्नाली तिच्याकडं रोखून बघत होती. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"आत्या, चालताना तुमचे हात कावून हालत न्हाईत?"

"तुझं औषध घेतलं मी. सुईनं."

"कुनी टोचलं?"

"डॉक्टरीण बाईनं. पर दंड मीच पुढं केला." ती पाचटात सुनेसमोर बसली. बसताना गुडघे वाजले. "चुकून घेतलं गं. तुझ्यासाठी गोळ्या मागाया गेलते."

"त्यो म्हनतो, विष हाय त्यात."

"असंल. माझ्या अंगात हाय ते आता. मेले का मी, बघ."

स्वप्नालीनं मान तिरकी केली. आतलं काही ऐकू येतंय का याची वाट बघत असावी तशी ती बराच वेळ बसून राहिली. फडातून कोयत्यांचे आवाज येत होते. मग तिनं हात पुढं करून सासूचा पंजा धरला, एकेक बोट उलगडून बघितलं.

"जीभ जड पडली व्हय?"

"पडली."

"रातीला पाय थाऱ्याला ऱ्हात न्हाईत? निजावं वाटतं आन् निजता येत न्हाई?"

"तसंच."

"मला बी पयल्यांदा असंच व्हायचं, आत्या." तिचे डोळे भरून आले. "मी सांगायची तुमाला. तुमी म्हनायच्या, कामाच्या वक्ताला नखरे करती."

"म्हनत हुते," चंद्रभागाबाई म्हणाली. "मला कळलं न्हाई, बाई. चुकलं माझं."

स्वप्नालीनं तिची बोटं चोळायला सुरुवात केली. अंगठ्यानं दाबत, मनगटाकडून वर, अगदी सराईतपणे. "उतरतं ते. पानी पीत राहा. बारक्या गोळ्या दिल्यात का? त्या खा, भिऊ नका. आन् उन्हात लई फिरू नका."

"बरं."

"घरी गेल्यावर मला बी सुईच द्यायची का?"

"तीच. तुझ्यासाठी ठिवलीय बाजूला."

स्वप्नाली उठली. गहिनीनाथानं हात दिला, तो तिनं घेतला नाही. सटवाच्या पिकअपकडं एकटीच चालत गेली आणि पुढं बसली. काच खाली करून तिनं विचारलं, "आत्या, तुमी न्हाई येत?"

"येते मागनं. तू राजनंदिनीला घिऊन ये विमलच्या घरून, उद्या सटवा दवाखान्यात सोडंल तुला."

पिकअप धुरळ्यात दिसेनासा झाला, तरी म्हातारी तिकडंच बघत उभी होती. आप्पारावानं लांबून हाळी दिली, गाडी लागलीय म्हणून. गहिनीनाथ म्हणाला, "आई, तू कोपीत सावलीला बस, मी बघतो." पण एक माणूस तोडेल आणि भरेल कसा? तिनं सुनेची चुंबळ उचलून डोक्यावर ठेवली. मोळी बांधायला बोटं वळेनात, तेव्हा गाठ लेकानं मारली. दोघांनी मिळून मोळी वर चढवली.

चंद्रभागाबाईची मान आता कुठंच वळत नव्हती. खाली नाही, बाजूला नाही. मोळी वाहायला तशीच मान लागते. ती पाय उचलत गाडीच्या दिशेनं चालू लागली.